कॉम्प्युटर बदलू नका, आधी फाइलचे दोन भाग करा!



आज मार्केटिंग नाही, लोन नाही, जीएसटीही नाही. आज बोलायचंय दुकानातल्या त्या एका फाइलबद्दल, जी तीन-चार कॉम्प्युटरवर एकाच वेळी उघडी असते आणि नेमकी गर्दीत अडकते. "सर, सॉफ्टवेअर लई स्लो झालंय, नवीन कॉम्प्युटर घेऊ का?" हा प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये सारखा येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. थांबा. आधी माझी गोष्ट ऐका, कारण यात माझे स्वतःचे पैसे गेलेत.

आपलं सोलापूर चादर आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध आहे, दोन्हीला जीआय टॅग आहे. पण इथला युनिफॉर्मचा धंदाही मोठा आहे. माझं दुकान त्यातलंच, शाळेच्या युनिफॉर्मचं, नवी पेठेत. युनिफॉर्मवाल्याची दिवाळी जूनमध्ये असते. वर्षभराची निम्मी कमाई त्या तीन-चार आठवड्यांत करायची असते.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि वहीवरचं बिल बंद झालं. ओळखीच्या एका मुलाकडून मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बिलिंग आणि स्टॉकचा प्रोग्रॅम करून घेतला. शाळा, इयत्ता, साइज टाकली की दर येतो, बिल निघतं, स्टॉक कमी होतो. पहिली दोन वर्षं एकच कॉम्प्युटर होता, काही त्रास नव्हता. नंतर तीन झाले. काउंटरवर एक, माडीवरच्या गोडाऊनमध्ये एक आणि आत हिशोबाचा एक. फाइल हिशोबाच्या कॉम्प्युटरवर ठेवली, फोल्डर शेअर केला, बाकी दोघांच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट दिला. झालं आमचं नेटवर्क!

मग कोरोना आला. जून २०२२ मध्ये शाळा पुन्हा नेहमीसारख्या भरल्या आणि थांबलेली गिऱ्हाइकी एकदम आली. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून लोक पोरांना घेऊन येत होते. आणि आमचं एक बिल निघायला चाळीस-चाळीस सेकंद लागत होते. काउंटरपुढं रांग, रांगेत रडणारी पोरं. एकजण बोलला, "ओ मालक, किती येळ लावायलाव? पाचची एसटी चुकंल की आमची." दोन घरची माणसं माल तसाच काउंटरवर ठेवून शेजारच्या दुकानात गेली. ते मी डोळ्यांनी बघितलं.

काउंटरवर आमच्याकडं अक्का बसतात. दहा वर्षं झाली त्यांना. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, "अक्का, जरा हात उचला की!" त्या म्हणाल्या, "मालक, मी काय करू? कवाच दाबलंय. ते गोल गोल फिरायलंय."

दुसऱ्या दिवशी मी बेचाळीस हजारांचा नवीन कॉम्प्युटर आणून काउंटरवर ठेवला. एसएसडी, डबल रॅम, सगळं. बिलाला किती वेळ लागला? चाळीस सेकंद!

मंडळी, बीबीए करताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, आधी अडचण कुठं आहे ते शोधा, मग पैसे घाला. परीक्षेत लिहिली, दुकानात विसरलो.

फाइल तिथं असते, काम इथं होतं

सीझन संपल्यावर मी हा विषय नीट समजून घेतला. तुम्हाला दुकानदाराच्या भाषेत सांगतो.

समजा गिऱ्हाइकाला ३२ साइजचा पांढरा शर्ट पाहिजे. तुम्ही गोडाऊनमध्ये आवाज देता, तिथला माणूस नेमका तो शर्ट काढून खाली पाठवतो. बँकेचं किंवा रेल्वे रिझर्व्हेशनचं सॉफ्टवेअर असं चालतं. पलीकडं सर्व्हर असतो. तो शोधतो आणि फक्त उत्तर पाठवतो.

शेअर केलेल्या अ‍ॅक्सेस फाइलचं तसं नाही. तिथं गोडाऊन आहे, पण गोडाऊनमध्ये माणूस नाही! फाइल नुसती पडून आहे. शोधायचं काम काउंटरवरच्या कॉम्प्युटरनं स्वतः करायचं. त्यासाठी त्याला त्या फाइलची पानं वायरीवरून आपल्याकडं ओढून आणावी लागतात. एक पान चार केबीचं. कुठला माल कुठं आहे याची यादी असेल, तर थोडीच पानं आणून काम भागतं. यादी नसेल, तर सगळं गोडाऊन गठ्ठ्या-गठ्ठ्यानं काउंटरवर आणायचं, एक शर्ट काढायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तेच!

आता हिशोब करा. बिलांचं टेबल ६० एमबीचं आहे आणि नेटवर्क १०० एमबीपीएसचं आहे असं धरा. हा आकडा बिटमध्ये असतो, म्हणून आठनं भागा. सेकंदाला साधारण १२ एमबी. म्हणजे पूर्ण टेबल एकदा आणायला पाच सेकंद. एक बिल करताना असं चार वेळा झालं की वीस सेकंद गेले. काउंटरवरचा कॉम्प्युटर कितीही भारी असला तरी तो वायरीकडं तोंड करून बसणार. माझे बेचाळीस हजार इथं वाया गेले.

चूक अ‍ॅक्सेसची नव्हती. आम्ही ते ज्या पद्धतीनं वापरत होतो, ती चुकीची होती.

मोबाइलचं स्टॉपवॉच काढा, तीन चाचण्या घ्या

काहीही बदलायच्या आधी एक कागद घ्या. रोजचं एक काम ठरवा, म्हणजे बिल उघडणं, मोबाइल नंबरवरून गिऱ्हाईक शोधणं, असं काहीतरी. तेच काम तीन प्रकारे करा आणि सेकंद लिहा.

पहिली चाचणी: ज्या कॉम्प्युटरवर फाइल आहे, त्याच्यावरच बसा. बाकी सगळे बंद. इथंही हळू असेल, तर दोष फाइलच्या आतल्या मांडणीत किंवा त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. नेटवर्कला हात लावायची गरज नाही.

दुसरी चाचणी: दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा, पण एकट्यानंच. बाकी सगळे बाहेर. पहिलीत वेगवान आणि इथं हळू असेल, तर अडचण वायरीत आहे, किंवा वायरीवरून गरजेपेक्षा जास्त माल येतोय.

तिसरी चाचणी: तेच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, पण आता अजून एकजण फाइलमध्ये असताना. एकट्याला पटकन होतं आणि दुसरा आला की अडकतं, असं असेल तर अडचण कुलपाची आहे. कुलूप म्हणजे काय, ते पुढं सांगतो.

आमच्याकडं पहिलीत तीन सेकंद, दुसरीत बारा, तिसरीत चाळीस! तेव्हा लक्षात आलं की सकाळी दुकान उघडल्यावर अक्कांचं बिल फटाफट का निघायचं आणि गोडाऊनमधल्या पोरानं कॉम्प्युटर चालू केला की का रखडायचं. अक्का मला हे आधीच म्हणाल्या होत्या, "सकाळी बरं चालतंय, वरचा पोरगा आला की बिघडतंय." मी ऐकलं नव्हतं.

आता उपाय, क्रमानं

क्रम सोडू नका. आणि सुरुवातीला सगळ्यांना फाइल बंद करायला लावा, फाइलच्या दोन कॉपी काढा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर. कॉपी उघडते की नाही तेही बघा. हे केल्याशिवाय पुढचं वाचू नका!

१. फाइलचे दोन भाग करा

अ‍ॅक्सेसच्या एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे डेटा, टेबलांमधली बिलं, माल, गिऱ्हाइकं. दुसरी म्हणजे दिसणारा भाग, फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी, बटणं. सगळे एकच फाइल उघडतात तेव्हा नुसता फॉर्म दिसायलासुद्धा तो वायरीवरून यावा लागतो. आणि दोघांनी एकच फॉर्म वापरताना फाइल बिघडायची भीती वेगळी.

'डेटाबेस टूल्स' या टॅबमध्ये 'मूव्ह डेटा' विभागात 'अ‍ॅक्सेस डेटाबेस' असं बटण आहे. ते दाबलं की फाइलचे दोन भाग होतात. टेबलं नवीन फाइलमध्ये जातात, तिला बॅकएंड म्हणतात. ती एकटीच शेअर फोल्डरमध्ये ठेवायची. फॉर्म-रिपोर्टवाली फाइल म्हणजे फ्रंटएंड. तिची एक-एक कॉपी प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवायची. नीट ऐका, शॉर्टकट नाही, कॉपी! बरेच जण दोन भाग करतात आणि फ्रंटएंडसुद्धा शेअर फोल्डरमध्येच ठेवतात. मग निम्मा फायदा गेला.

बॅकएंड जोडताना ड्राइव्हचं अक्षर वापरू नका. एका कॉम्प्युटरवर ते झेड असतं, दुसऱ्यावर वाय. दोन उलट्या तिरक्या रेघा, मग कॉम्प्युटरचं नाव, मग शेअर फोल्डर, असा पूर्ण पत्ता द्या. पत्ता छोटा ठेवा, फोल्डरच्या आत फोल्डर सहा-सात थर नकोत.

आणि पैशांचं एक: प्रत्येक कॉम्प्युटरवर पूर्ण अ‍ॅक्सेस लागत नाही. ज्याला फक्त फॉर्म वापरायचाय, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टची 'अ‍ॅक्सेस रनटाइम' ही मोफत आवृत्ती आहे. काउंटर आणि गोडाऊनला ती पुरते.

२. कुलूप सारखं उघडू-लावू नका

बॅकएंड उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी फाइल तयार होते, तिच्या शेवटी 'एलएसीसीडीबी' असतं. ती कुलपाची फाइल. कोण आत आहे, कोण कुठल्या नोंदीवर काम करतंय, हे त्यात असतं. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते.

आता अक्कांनी बिलाचा फॉर्म उघडला, जोडणी झाली. फॉर्म बंद केला, जोडणी तुटली. पुढचं बिल, पुन्हा जोडणी. प्रत्येक वेळी त्या फाइलमध्ये नोंद करायची, दुसरा कोण आहे ते तपासायचं, परवानगी बघायची. म्हणजे दुकानाचं शटर प्रत्येक गिऱ्हाइकामागं वर-खाली करायचं!

उपाय साधा आहे. सकाळी शटर उघडा आणि रात्रीच लावा. बॅकएंडमध्ये एक छोटं टेबल करा, त्यात एकच नोंद ठेवा. फ्रंटएंडमध्ये त्या टेबलवर एक फॉर्म करा. मग 'ऑटोएक्झेक' नावाचा मॅक्रो करा, त्यात 'ओपनफॉर्म' घ्या, तो फॉर्म निवडा आणि 'विंडो मोड' मध्ये 'हिडन' करा. ऑटोएक्झेक नावाचा मॅक्रो फाइल उघडल्याबरोबर आपोआप चालतो. फॉर्म कुणाला दिसत नाही, पण दिवसभर उघडा राहतो, त्यामुळे जोडणीही दिवसभर चालू राहते. कोडिंग अजिबात नाही.

दहा मिनिटांचं काम आणि खर्च शून्य. आमच्याकडं सगळ्यात मोठा फरक यानंच पडला.

३. इंडेक्स लावा

गोडाऊनमधल्या मालाची यादी म्हणजे इंडेक्स. ज्या रकान्यावरून तुम्ही रोज शोधता त्याला इंडेक्स पाहिजे. आमच्याकडं मोबाइल नंबर, बिलाची तारीख, शाळेचा कोड आणि मालाचा कोड. टेबल डिझाइनमध्ये उघडा, तो रकाना निवडा, खाली 'इंडेक्स्ड' समोर 'येस, डुप्लिकेट्स ओके' करा. बिल नंबर प्रायमरी की असेल तर त्याला इंडेक्स असतोच, परत लावू नका.

सगळ्याच रकान्यांना लावायचा मोह होईल, तो आवरा. प्रत्येक नवीन नोंदीबरोबर प्रत्येक यादी बदलावी लागते, मग सेव्ह करणं हळू होतं. 'हो-नाही' असल्या रकान्याला इंडेक्सचा उपयोग जवळजवळ नसतोच.

आणि यादी असूनही ती वापरता येणार नाही असं विचारू नका. नाव शोधताना शब्दाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडं फुली लावली, म्हणजे 'मध्ये कुठंही हे अक्षर असेल तर दाखव' असं सांगितलं, की कॉम्प्युटर बिचारा सगळं टेबल चाळतो. यादी पहिल्या अक्षरावरून लावलेली असते ना! तसंच तारखेचं. 'ज्या तारखेचं वर्ष अमुक' असं विचारू नका. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असं विचारा.

४. फॉर्ममध्ये लागेल तेवढंच मागवा

आमचा बिलाचा फॉर्म उघडला की २०१७ पासूनची सगळी बिलं मागं तयार असायची. कशाला? अक्कांना नवीन बिल करायचं होतं! आता फॉर्मचं 'डेटा एंट्री' हे सेटिंग 'येस' केलंय, फॉर्म कोराच उघडतो. जुनं बिल पाहिजे असेल तर आधी नंबर किंवा मोबाइल विचारतो आणि तेवढंच आणतो.

ड्रॉपडाऊन यादीचंही तसंच. चार हजार गिऱ्हाइकांची नावं एका यादीत भरून ठेवू नका. मोबाइल नंबर टाकायला लावा.

फोटोंबद्दल एक सांगतो. मालाचे फोटो टेबलमध्ये चिकटवू नका. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, टेबलमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहा. अ‍ॅक्सेसची फाइल जास्तीत जास्त २ जीबी होऊ शकते आणि फोटोंनी ती भरायला वेळ लागत नाही.

५. दोन लपलेली सेटिंग

ही दोन बऱ्याच जणांना माहीत नसतात.

एक, टेबलच्या प्रॉपर्टीमध्ये 'सबडेटाशीट नेम' असतं आणि तिथं 'ऑटो' लिहिलेलं असतं. त्यामुळे एक टेबल उघडताना त्याला जोडलेली टेबलंही शोधली जातात. बॅकएंडमधल्या प्रत्येक टेबलला तिथं 'नन' करा.

दोन, 'फाइल', 'ऑप्शन्स', 'करंट डेटाबेस' इथं जा आणि 'ट्रॅक नेम ऑटोकरेक्ट इन्फो' ची टिक काढा. प्रोग्रॅम बनवताना त्याचा उपयोग असेल, रोजच्या वापरात नुसतं ओझं.

६. वायर, स्विच आणि यूपीएस

आता पैसे खर्च करायची वेळ, पण थोडेच.

वायफायवर ही फाइल चालवू नका. वेग हा एक भाग झाला, खरी भीती वेगळी आहे. नोंद लिहिताना सिग्नल अर्ध्या सेकंदासाठी तुटला तरी फाइल बिघडू शकते. मोबाइलला वायफाय द्या, बिलिंगला वायर.

वायर असेल तर तिचा खरा वेग बघा. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क' मध्ये 'इथरनेट' उघडा, 'लिंक स्पीड' दिसेल. १००० पाहिजे. १०० दिसत असेल तर दोनच कारणं शक्यतो असतात. एक, मधला स्विच किंवा राउटर जुना, १०० चाच आहे. दोन, वायर खराब आहे. गिगाबिटला वायरमधल्या आठही तारा लागतात, १०० चं काम चारांवर चालतं. उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली की नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं, आणि आपल्याला कळतही नाही! आमच्या माडीवर जाणारी वायर शटरच्या फटीतून नेलेली होती आणि तिथं रोज चेपत होती. नवीन कॅट सिक्स वायर आणि पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घेतला. नवीन कॉम्प्युटरच्या तुलनेत तो खर्च किरकोळ होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडं तिन्ही कॉम्प्युटरना यूपीएस होता. स्विचला नव्हता! एका संध्याकाळी लाइट गेली, कॉम्प्युटर चालू राहिले, स्विच बंद पडला. त्याच क्षणी बिल सेव्ह होत होतं. फाइल उघडेना. आदल्या रात्रीची कॉपी होती म्हणून वाचलो, पण त्या दिवसाची बिलं छापील कॉपीवरून परत टाकत आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. तेव्हा स्विचचा प्लग आजच यूपीएसला लावा. हा लेख वाचून झाल्यावर नाही, आत्ता उठा!

ज्या कॉम्प्युटरवर बॅकएंड आहे, त्याचं 'स्लीप' बंद करा. मालक जेवायला गेला आणि कॉम्प्युटर झोपला की काउंटर बंद. शक्य असेल तर त्याच्यावर दुसरी जड कामं नकोत, आणि हार्डडिस्क जुनी असेल तर एसएसडी टाका. पैसे घालायचेच असतील तर फाइल जिथं आहे त्या कॉम्प्युटरवर घाला.

अँटिव्हायरस प्रत्येक वेळी बॅकएंड तपासत बसत असेल, तर फक्त त्या डेटाच्या फोल्डरला सूट देता येते. अँटिव्हायरस पूर्ण बंद करायचा नाही, आणि त्या फोल्डरमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही.

७. आठवड्याला एकदा झाडलोट

अ‍ॅक्सेसमध्ये नोंद पुसली तरी तिची जागा फाइलमध्ये तशीच राहते. फाइल फुगत जाते. रविवारी दुकान बंद झाल्यावर सगळे बाहेर पडले की आधी कॉपी काढा, मग बॅकएंडवर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. आमची फाइल पहिल्या वेळी निम्म्याहून कमी झाली. फाइल त्याच कॉम्प्युटरवर बसून हे करा, वायरीवरून नको.

हे मात्र करू नका

बॅकएंड गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. "सर, मग घरूनही दिसेल की!" दिसेल, पण ही सेवा प्रत्येकाकडं वेगळी कॉपी ठेवते आणि मग त्या कॉप्या एकमेकींवर चढतात. तुमची बिलं एकीत, गोडाऊनची दुसरीत. रात्रीची बंद केलेली बॅकअप कॉपी तिथं ठेवा, ती चालेल.

सगळे उपाय एकाच रात्री करू नका. एक करा, तीन चाचण्यांपैकी लागू असलेली परत घ्या, सेकंद लिहा, मग पुढचा. नाहीतर कशानं फरक पडला आणि कशानं बिघडलं, काहीच कळणार नाही.

आणि हे काम सीझनमध्ये करू नका. युनिफॉर्मवाल्यांनी गड्ड्याची जत्रा झाली की करून घ्या. कापडवाल्यांनी श्रावणाआधी करावं.

मग सर्व्हर कधी?

कागदावर अ‍ॅक्सेसमध्ये एका वेळी २५५ जण चालतात. कागद बाजूला ठेवा. माझा अनुभव असा की पाच-सात जण रोज नोंदी टाकत असतील तोवर नीट लावलेली फाइल छान चालते. त्याच्या पुढं गेलात, फाइल १ जीबीच्या वर गेली, किंवा दुसरी शाखा काढून तिथून तोच डेटा बघायचाय, तर गोडाऊनमध्ये माणूस ठेवायची वेळ आली.

त्यासाठी 'एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस' ही मोफत आवृत्ती आहे. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आपल्यासारख्या दुकानाला ती खूप झाली. चांगली गोष्ट म्हणजे तुमचे अ‍ॅक्सेसचे फॉर्म तसेच ठेवून फक्त टेबलं तिकडं नेता येतात. म्हणजे आज दोन भाग केलेत तर उद्याचं निम्मं काम झालेलं असेल. पण आतल्या काही क्वेरी बदलाव्या लागतात, तेव्हा त्यासाठी जाणकार माणूस घ्या आणि त्याची फी द्या. इथं काटकसर नको.

शेवटी

आमचा हिशोब सांगतो. फाइलचे दोन भाग, लपलेला फॉर्म, इंडेक्स, वायर आणि स्विच. तिसऱ्या चाचणीतले चाळीस सेकंद चारवर आले. जून २०२३ मध्ये गर्दी तेवढीच होती, रांग मात्र दारापर्यंत गेली नाही. बेचाळीस हजारांचा कॉम्प्युटर आता हिशोबाच्या टेबलावर आहे, बॅकएंड त्याच्यावर ठेवलीय, म्हणजे शेवटी कामाला आला. पण घेताना मला तो कशासाठी पाहिजे हेच माहीत नव्हतं.

अक्कांची मी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मालक, आता हात उचलतोय का नाही?" त्या दिवसापासून दुकानात एक नियम केलाय. काहीही हळू झालं की आधी तिथं बसणाऱ्या माणसाला विचारायचं, कधी होतं, कशानंतर होतं, आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं. आठवडाभराच्या अशा नोंदी मला एखाद्या कोटेशनपेक्षा जास्त सांगतात.

तुम्हाला या रविवारी एवढंच करायचंय. दुकान बंद झाल्यावर अर्धा तास, एक कागद, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि तीन चाचण्या. सेकंद लिहा. त्या कागदाशिवाय कुणाला एक रुपयाही देऊ नका. लपलेला फॉर्म आणि मॅक्रो कसा करायचा ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, बघत बघत करा.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा नीट करा, हिशोब चोख ठेवा!